सौदीतील पहिले वेतन : आकड्याआधी तास मोजा

रियाध किंवा जेद्दाह येथील एखाद्या खासगी डे-केअर शस्त्रक्रिया केंद्राकडून नियुक्तीचा प्रस्ताव आला, की तरुण परिचारिका आणि तिचे कुटुंबीय प्रथम रियालचे रुपये करून पाहतात. वेतनावर प्राप्तिकर नसल्याने येणारी रक्कम मोठी भासते आणि होकार लगोलग कळवला जातो. परंतु त्या एका आकड्यात आठवड्याचे तास किती, मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे दिसत नाही. वाटाघाटीचा खरा विषय तोच आहे.

ही वाटाघाट कोठे शक्य आहे, हे आधी समजून घ्यावे. सौदी आरोग्य मंत्रालयाच्या थेट भरतीत वेतन श्रेणीनुसार ठरलेले असते. तेथे घासाघीस चालत नाही. तेथे आपली अर्हता आणि अनुभवाची वर्षे बरोबर धरली गेली आहेत का, एवढेच पाहावे. खासगी केंद्रांत मात्र बोलण्यास वाव असतो. बहुतेक भरतीत एक-दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. त्यामुळे येथे ‘नवपदवीधर’ म्हणजे बहुधा मायदेशी तेवढी सेवा केलेली किंवा सौदीतच कुटुंबासह राहणारी मुलगी. सौदी आरोग्य विशेषता आयोगाच्या वर्गीकरणात बी. एस्सी. नर्सिंग झालेली परिचारिका ‘स्पेशालिस्ट’ ठरते, तर जी. एन. एम. झालेली ‘टेक्निशियन’. डेटाफ्लोची कागदपत्र पडताळणी आणि प्रोमेट्रिक परीक्षा पूर्ण करून हे वर्गीकरण हाती असेल, तर बोलणी अधिक भक्कम पायावर होतात.

आता तासांकडे वळू. सौदी श्रम कायद्यानुसार कामाची मर्यादा दिवसाला 8 किंवा आठवड्याला 48 तास आहे. समजा, दोन केंद्रे महिना 4,500 रियाल देऊ करतात. एक आठवड्याला 40 तास मागते, दुसरे 48. तासांच्या हिशेबाने दुसऱ्याचे 4,500 हे पहिल्याच्या 3,750 इतकेच ठरतात. म्हणजे तासांचा प्रश्न न विचारणे हे 750 रियाल सोडून देण्यासारखे आहे.

डे-केअर केंद्रात या प्रश्नाला आणखी धार येते. मोतीबिंदू, हर्निया, एन्डोस्कोपी अशा कामांत रात्रपाळी सहसा नसते. म्हणून मोठ्या रुग्णालयात मिळू शकणारा रात्रपाळीचा किंवा ऑन-कॉलचा भत्ताही नसतो. मात्र केंद्राची वेळ संपली म्हणून परिचारिकेचा दिवस संपत नाही. शेवटचा रुग्ण भुलीतून पूर्ण सावध होऊन, वेदना व उलट्या आटोक्यात येऊन, नातेवाइकांच्या हवाली होईपर्यंत तिला रिकव्हरी कक्ष सोडता येत नाही. यादी लांबली, की घड्याळही लांबते. म्हणून विचारावे : ‘शेवटच्या रुग्णामुळे थांबावे लागल्यास तो वेळ नोंदला जातो का, आणि त्याचा मोबदला मिळतो का?’

कायद्याच्या कलम 107 नुसार जादा तासाला तासाचे वेतन अधिक मूळ वेतनाच्या तासदराचा 50 टक्के भाग मिळतो. एकूण वेतन 4,500 आणि त्यातील मूळ 3,000 असेल, तर महिन्याचे 240 तास धरून हा दर 18.75 अधिक 6.25, म्हणजे 25 रियाल होतो. मूळ वेतन कमी दाखवून भत्ते फुगवले, की हा दर घटतो. म्हणून मूळ वेतन, घरभाडे आणि वाहतूक यांची स्वतंत्र विभागणी लेखी मागावी.

पुढच्या वर्षांचाही विचार हवा. सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याच्या आणि त्यापुढे पूर्ण महिन्याच्या अखेरच्या वेतनावर मोजतात. परंतु स्वतः राजीनामा देणारीला दोन वर्षांआधी सहसा काहीच मिळत नाही, तर दोन ते पाच वर्षांपर्यंत एक-तृतीयांश मिळते. वार्षिक रजा किमान 21 दिवसांची असते. कलम 40 नुसार भरतीचे, निवास परवान्याचे व त्याच्या नूतनीकरणाचे शुल्क मालकाने सोसायचे आहे. ते वेतनातून कापण्याची अट दिसल्यास तेथेच थांबावे. भारतातील भरती एजंटालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक शुल्क घेता येत नाही.

नवख्या उमेदवाराला मूळ आकडा फारसा वाढवून मिळणार नाही, हे मान्य करून अन्य गोष्टी मागाव्यात : परिविक्षा काळ, जो कमाल 180 दिवसांचा असू शकतो, तो संपताच वेतनाचा आढावा, जीवरक्षक प्रशिक्षणाचा खर्च, दरवर्षी मायदेशाचे विमान तिकीट. सूर नम्र पण नेमका असावा : ‘आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे. साप्ताहिक तास आणि मूळ वेतन करारात नमूद झाल्यास मला निर्णय घेणे सोपे जाईल.’ अशा विनंतीमुळे प्रस्ताव मागे घेणारे केंद्र पुढे कसे वागेल, याची कल्पना त्यातूनच येते.

शेवटी, अरबी आणि इंग्रजी मजकुरात तफावत असल्यास अरबी ग्राह्य धरली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी अरबी प्रत जाणकाराकडून वाचून घ्यावी, आणि सौदीत पोहोचल्यावर ‘किवा’ या सरकारी प्रणालीवर आलेला करार मूळ प्रस्तावाशी ओळीने ओळ ताडून मगच मान्य करावा. तोंडी आश्वासन कितीही गोड असले, तरी पहिल्या तारखेला वेतन कराराप्रमाणेच मिळते.