छायाचित्राची पाठ

(एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांच्या काळातील छायाचित्रे जपून ठेवली आहेत. काहींच्या पाठीवर निळ्या शाईने नावे, गाव आणि साल लिहिलेले आहे. काहींच्या पाठीवर नुसता स्टुडिओचा शिक्का आहे. आणि काहींची पाठ अगदी कोरी आहे. कोऱ्या पाठीच्या छायाचित्रांतील मंडळी आज घरात कुणालाच ओळखू येत नाहीत. फेटा दिसतो, नथ दिसते, खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात दिसतो. चेहरे राहिले आणि माणसे हरवली, असा हा प्रकार आहे.

या पेटीची आठवण होण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. आमच्या इतिहास विभागाने आसपासच्या गावांतील वीरगळांची छायाचित्रे काढण्याचे ठरविले. वीरगळ म्हणजे लढाईत अथवा गाईगुरांच्या रक्षणात कामी आलेल्या वीराचे स्मारक. खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, त्याच्या वर युद्धाचा प्रसंग, त्याच्याही वर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि शेवटी सूर्यचंद्र, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. म्हणून दगड कोणत्या गावी, कोणत्या देवळापाशी उभा आहे, हीच त्याची मुख्य ओळख. गाव सुटले की दगड मुका झाला!

सुट्टीचे रविवार खर्ची घालून आम्ही शंभरावर छायाचित्रे जमविली. ती विभागाच्या संकेतस्थळावर मांडली आणि ‘लोकांनी ती पाहावीत, एकमेकांना पाठवावीत’ म्हणून समाजमाध्यमांची बटणे बसविण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी एका दुपारी उरकले आणि मोठ्या अभिमानाने एका वीरगळाचे पान वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविले. पाहतो तो काय, वीरगळाच्या जागी महाविद्यालयाचे बोधचिन्ह! मित्रांनी ‘हा वीर कोणत्या लढाईत पडला?’ असे विचारून यथेच्छ टिंगल केली. पुढे दोन महिन्यांनी त्याच वीरगळाचे चित्र फिरत फिरत माझ्याकडे परत आले. या खेपेस चित्र बरोबर होते, पण खाली गाव भलत्याच जिल्ह्यातले होते, आणि ‘दुर्मीळ! जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ अशी आज्ञा होती. सरांनी ते पाहिले व शांतपणे म्हणाले, “आपण दगड जगाला दाखवला खरा, पण त्याचं गाव आपणच पुसलं.”

हे असे का झाले, याचा मागोवा घेताना जे शिकलो ते वाचकमित्रांसमोर ठेवतो.

आमचे संकेतस्थळ ‘वर्डप्रेस’ या प्रणालीवर उभे आहे. अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ती 2003 साली सुरू केली. 2004 साली तिच्यात ‘प्लगइन’ची सोय झाली. प्लगइन म्हणजे मूळ घराला काढलेली पडवी. घराच्या भिंतींना हात न लावता हवी ती सोय जोडावी, नको झाली की काढून टाकावी. ती बसविणे फारसे अवघड नाही. व्यवस्थापकाच्या पानावर प्लगइनचा विभाग असतो. तेथे नवे शोधायचे, ‘इन्स्टॉल’ करायचे आणि मग ‘ॲक्टिव्हेट’ करायचे. मात्र निवडताना तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात: ती किती संकेतस्थळांवर वापरात आहे, शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि वर्डप्रेसच्या ताज्या आवृत्तीवर ती तपासली आहे काय. मी घाईत घेतलेल्या पहिल्या प्लगइनमध्ये 2019 च्या एप्रिलमध्ये बंद पडलेल्या ‘गूगल प्लस’चे बटण अजून दिमाखात उभे होते! ज्या पडवीकडे मालकाने इतकी वर्षे पाहिले नाही, तिच्यातून चोर शिरण्याचे भयही असते.

आता बोधचिन्हाचे कोडे. आपण एखाद्या पानाचा दुवा पाठवितो, तेव्हा फेसबुक वा व्हॉट्सॲप ते पान स्वतः जाऊन वाचते आणि त्यातून शीर्षक, दोन ओळी आणि एक चित्र उचलते. कोणते चित्र उचलावे हे सांगण्यासाठी फेसबुकने 2010 साली ‘ओपन ग्राफ’ नावाची पद्धत मांडली. पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, शीर्षक कोणते, चित्र कोणते, वर्णन काय, कायमचा पत्ता कोणता, हे ठरावीक शब्दांत लिहून ठेवायचे. हे पानाचे ओळखपत्रच म्हणा ना. वर्डप्रेस हे ओळखपत्र आपण होऊन तयार करीत नाही, आणि नुसती बटणे देणारे प्लगइनही ते करतेच असे नाही. माझी चूक नेमकी येथे झाली होती. मी दारात टांगा उभा केला, पण उतारूच्या हाती पत्त्याची चिठ्ठी दिली नाही. मग टांगेवाल्याने समोर दिसलेले पहिले चित्र उचलले, आणि ते होते बोधचिन्ह!

उपाय सोपा निघाला. ओपन ग्राफचे शब्द लिहिणारे प्लगइन घेतले, प्रत्येक पानाला त्याचे ‘मुख्य चित्र’ नेमून दिले आणि ते सुमारे 1200 बाय 630 बिंदूंचे ठेवले. वीरगळ उभा आणि ही चौकट आडवी. म्हणून नुसते कापले तर वरचे सूर्यचंद्र आणि खालचा वीर दोन्ही जातात. अशा वेळी दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेसबुक एकदा वाचलेल्या पानाची नक्कल स्वतःपाशी ठेवते. आपण चूक सुधारली तरी जुनेच चित्र दिसत राहते. त्यासाठी फेसबुकनेच ‘शेअरिंग डीबगर’ हे साधन दिले आहे. तेथे पत्ता देऊन पान पुन्हा वाचायला लावता येते.

अनेकांना वाटते की प्लगइन बसविले की छायाचित्रे सगळीकडे आपोआप जातील. तसे नाही. ऑगस्ट 2018 पासून फेसबुकने बाहेरच्या प्रणालींना व्यक्तीच्या खासगी खात्यावर परस्पर मजकूर टाकण्यास मनाई केली. संस्थेच्या ‘पेज’वर मात्र तसे करता येते. म्हणून आम्ही विभागाचे पेज काढले.

येथवर झाली बटणांची गोष्ट. पण गाव पुसले गेले त्याचे काय? त्यासाठी छायाचित्राच्या पाठीकडे वळले पाहिजे. संगणकातील छायाचित्रालाही पाठ असते! कॅमेरा अथवा फोन चित्र टिपताना तारीख, वेळ, भिंगाची माहिती आणि स्थाननोंद चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश त्याच फाईलमध्ये लिहून ठेवतो. ‘एक्झिफ’ नावाची ही पद्धत जपानमध्ये 1995 साली ठरली. तिच्याच शेजारी वृत्तसंस्थांच्या ‘आयपीटीसी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरविलेले रकाने असतात: छायाचित्रकाराचे नाव, वर्णन, हक्क. म्हणजे आजोबा निळ्या शाईने जे लिहीत, ते लिहायला जागा आजही आहे. आपण ती कोरी ठेवतो, एवढेच. हे रकाने आधी भरले तर चित्र चढविताना वर्डप्रेस त्यातील शीर्षक व वर्णन बहुधा आपण होऊन उचलते. छायाचित्रकाराचे नाव लिहिणे हा काही निव्वळ शिष्टाचार नव्हे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम निर्मात्याला ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा हक्क देते.

परंतु येथे एक मेख आहे. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीसारखे पाठविले की ते लहान केले जाते आणि पाठीवरचा मजकूर गळून पडतो. (‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते.) आमच्या वीरगळाचे असेच झाले. कुणीतरी पानाचा दुवा न पाठविता चित्र तेवढे उचलून पाठविले, वाटेत पाठ पुसली गेली आणि मग पुढच्याने स्वतःच्या कल्पनेने गाव लिहिले. म्हणून आता आम्ही दोन गोष्टी करतो. एक, चित्राच्या खालच्या अंगाला बारीक पट्टी देऊन तीत गाव, तालुका आणि विभागाचे नाव लिहितो. दोन, सर्वांना सांगतो की चित्र नव्हे, पानाचा दुवा पाठवा. दुवा हा परतीचा धागा आहे. पानावरची चूक आम्ही सुधारली तर दुव्यावरून येणाऱ्याला ती सुधारलेली सापडते. सुट्या चित्राला परत बोलावता येत नाही.

मात्र पाठीवरचे सगळेच जगाला दाखविण्याजोगे नसते. समाजमाध्यमांवर पाठ गळून पडत असली, तरी आमच्या संकेतस्थळावरची मूळ फाईल जशीच्या तशी असते, आणि ती उतरवून घेणाऱ्याला अक्षांश-रेखांश वाचता येतात. ओढ्याकाठी सुटा पडलेला, कुणाची राखण नसलेला कोरीव दगड नेमका कोठे आहे, याची चिठ्ठी आम्ही चोराच्या हाती देत होतो. 1972 च्या कायद्याने पुरावस्तूंना संरक्षण आहे. पण कायदा रात्री ओढ्याकाठी पहाऱ्याला बसत नाही. आता चढविण्यापूर्वी स्थाननोंद आम्ही काढून टाकतो आणि ती विभागाच्या वहीत लिहून ठेवतो. गाव सांगावे, वाट सांगू नये, असा आमचा नियम झाला आहे.

शेवटची गोष्ट मला एका आजींनी शिकविली. एका गावी वीरगळ त्यांच्या ओट्याला टेकून उभा होता आणि छायाचित्रात दारात उभ्या असलेल्या त्याही आल्या होत्या. ते चित्र पुष्कळ फिरले. दुसऱ्यांदा त्या गावी गेलो तेव्हा आजींनी मला ओळखले.

“माझा फोटू मुंबईच्या नातवाच्या फोनात आला म्हणं. तूच काढलास न्हवं?”

“होय आजी. दगडाचा काढला होता, त्यात तुम्हीही आलात.”

“दगडाला इचारायचं नसतं बाळा, मला इचारायचं हुतंस. लुगडं तरी बरं नेसले असते.”

त्या हसत होत्या, पण मी मात्र खजील झालो. त्यांच्या पायरीवर बसून मी ते पान उघडले, चित्र दाखविले आणि ठेवू की काढू, असे विचारले. आजींनी बराच वेळ निरखून पाहिले. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, “पण खाली त्यो कुणाचा दगड त्ये लिव्ह. आमच्या भावकीतला हाय त्यो. दर आवसेला नारळ फोडतो आम्ही.”

शंभर छायाचित्रांत एवढी एक माहिती आम्ही कुणी विचारली नव्हती. सारे प्लगइन, सारी बटणे आणि ओळखपत्रे बिनचूक बसविली असती, तरी ती आम्हांला मिळाली नसती.

त्याच संध्याकाळी आजींच्या परवानगीने ती ओळ मी पानावर आणि चित्राच्या पाठीवर लिहिली. घरी आल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि आजीला हाक मारली. कोऱ्या पाठीची छायाचित्रे अजून पुष्कळ आहेत, आणि ओळखणारे डोळे आता थोडेच उरले आहेत.