मूल कोणत्या गावचे?

कोल्हापूरहून निपाणी अवघी चाळीस किलोमीटर. कागल मागे पडले की कर्नाटक लागते, पण ते पाटी वाचली तरच कळायचे! बोली तीच, देव तेच आणि सोयरीकही पिढ्यान्‌पिढ्यांची. ही सीमा खरी जाणवते ती संसार मोडू लागल्यावर.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी सात वर्षांच्या मुलाला घेऊन निपाणीहून माहेरी आली. "सर, मुलगा आता इथं आहे. म्हणजे खटला कोल्हापुरातच चालेल ना?" तिला घेऊन मी एका वकील मित्राकडे गेलो.

"मूल आणलं म्हणून कोर्ट मागोमाग येत नसतं, ताई," तो म्हणाला.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ताब्याचा अर्ज करायचा तो मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात. घर कुठे, शाळा कुठे, आणले ते कायमचे की चार दिवसांसाठी, हे पुराव्यावरून ठरते. हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला घटस्फोटाचा दावा मात्र ती राहते तिथे लावता येतो, आणि त्यातच मुलाचा ताबाही मागता येतो. मग नवऱ्याचा अर्ज बेळगाव जिल्ह्यात आणि बायकोचा दावा कोल्हापुरात, असे त्रांगडे होऊन बसते! ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले खरे. पण परराज्यातला खटला इकडे आणायचा तर सर्वोच्च न्यायालयाकडेच जावे लागते. चाळीस किलोमीटरांच्या वाटेला दिल्लीचा वळसा!

"पण आईचा हक्क?" तिने विचारले.

"पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असं १९५६ चा कायदा म्हणतो. पण त्याचंच तेरावं कलम मुलाचं हित सर्वांत वर धरतं. मूल जाणतं असलं तर न्यायाधीश त्यालाही विचारतात. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच बजावलंय."

इतका वेळ बाकावर पाय हलवीत बसलेला मुलगा मध्येच म्हणाला, "आई, माझं दप्तर निपाणीतच राहिलं की गं."

आम्ही तिघेही गप्प झालो.

त्या रात्री तिने आपण होऊन नवऱ्याला फोन केला. दिलजमाई झाली असे नाही. खटला अजून चालू आहे. पण मुलगा पुन्हा आपल्या शाळेत जाऊ लागला, आणि दर शनिवारी बाप त्याला कोल्हापूरच्या स्टँडवर आणून आईच्या हाती देतो.

ताब्याचा निकाल न्यायालय लावील तेव्हा लावील. दप्तराचा निकाल मात्र आईबापांनीच लावला.