मण्यार, भगत आणि यमदूत

लावणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की भगताला हाक जाते. त्यातूनच गोष्ट पसरते : अमका मेलाच होता, तिरडीचे बांबूही तोडले होते, भगताने परत आणला.

गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. मेलेला दिसणारा माणूस उठू शकतो.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण शोधून सापडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही. विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं, त्यामुळे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. शेवटी छाती हलायची थांबते. डोळ्यांवर बॅटरी मारली तरी कधीकधी बाहुल्या हलत नाहीत. पण मेंदू शाबूत असतो. वेळेत व्हेंटिलेटर लागला, तर निपचित पडलेला रोगी भोवतालची रडारड ऐकत असतो आणि पुढे तंतू सावरले की ती सांगतोही.

भगताच्या यशाचा उलगडा त्याहून सोपा. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही.

मग यमलोक पाहून परत आलो म्हणणाऱ्यांचं काय? संशोधक सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये भारतातले असे 16 अनुभव छापले. त्यांत यमदूत येतात, वही तपासली जाते, ‘चुकीचा माणूस आणला’ म्हणून परत पाठवतात. पाश्चात्त्य रोग्यांना ही कारकुनी चूक सहसा दिसत नाही! म्हणजे चित्रातले रंग तरी ज्याच्या त्याच्या घरचे.

आत्मा वरून पाहतो का, हे तपासायला डॉ. सॅम पार्निया यांनी रुग्णालयांत छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली. 2014 मध्ये निष्कर्ष आले. हृदय थांबण्याच्या 2,060 घटनांतून वाचून मुलाखत देऊ शकलेल्यांपैकी दोघांनाच पाहिल्या-ऐकल्याची सविस्तर आठवण होती, आणि दोघेही फळ्या नसलेल्या खोल्यांतले. परलोकाचा पुरावा अजून कुणाच्या हाती नाही, हे माझं मत त्यावरच उभं आहे.

मंत्र म्हणायचे तर गाडीत म्हणा, पण 108 ला फोन आधी करा. सर्पदंशात उपचार अडवून मंत्र-गंडे करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.