तंबाखू आणि कायदा
लेखांक ५ : गुटखाबंदी आणि परक्याचा धूर

गुटख्याची पुडी बाजारातून हद्दपार केली, तर व्यसनी मनुष्य विडी-सिगारेटकडे वळेल, आणि आजवर त्याच्या एकट्याच्या गालात साठणारे विष धूर होऊन त्याच्या बायकामुलांच्या फुफ्फुसांत शिरेल, असा आक्षेप बंदीविरुद्ध नेहमी घेतला जातो. त्याच्या पाठीशी स्वीडनचा दाखला असतो. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने ओठाखाली ठेवावयाच्या स्नूस नामक तंबाखूची विक्री मना केली. १९९५ मध्ये संघात दाखल होताना स्वीडनने मात्र त्यातून सूट मिळविली, आणि आज युरोपात धूम्रपानाचे प्रमाण जेथे अत्यल्प आहे, अशा देशांत त्याची गणना अग्रभागी होते.

हा दाखला खरा असला, तरी तो महाराष्ट्रास कितपत लागू पडतो, याची शहानिशा आपल्याच दप्तरावरून करता येते. २०१२ च्या जुलैत राज्य शासनाने अन्नसुरक्षा कायद्यान्वये गुटखा व पानमसाला यांच्या विक्रीस मनाई केली, आणि अशा हुकुमाची मुदत वर्षापलीकडे जाऊ शकत नसल्यामुळे तो पुढे वेळोवेळी नव्याने काढावा लागला. बंदीपूर्वीची २००९-१० ची आणि नंतरची २०१६-१७ ची राष्ट्रीय पाहणी ताडून पाहता, राज्यातील प्रौढांत धूम्रपान करणारे शेकडा ६.६ वरून ३.८ वर उतरले, आणि तंबाखू खाणारे-लावणारे २७.६ वरून २४.४ वर. गुटखा गेला म्हणून धूर वाढला, असे म्हणण्यास या आकड्यांत जागा नाही. मात्र बंदीमुळेच तो घटला, असेही त्यांवरून सिद्ध होत नाही.

गुटख्याची तलफ विडीपेक्षा माव्यानेच सहज भागते. नागपूरकडे टपरीवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहाताखाली घोळघोळून गिऱ्हाइकाच्या हाती खर्रा, म्हणजे माव्याचाच एक प्रकार, ठेवतो. त्यावर ना कारखान्याचे नाव असते, ना धोक्याची सूचना. शिवाय तोंडात धरावयाच्या तंबाखूचाही धूर काही घरांत असतोच. खेडोपाडी बायका तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, चुरून त्यांची मशेरी करतात आणि दातांना लावतात; भाजतेवेळी उठणाऱ्या खाटाने पडवीतल्या मुलालाही ठसका लागतो, आणि चुलीवरची ही भाजणी कोणत्याही पुडीबंदीच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा परक्याच्या धुराचा प्रश्न गुटख्याच्या पुडीला बांधणे व्यर्थ होय. तो धूम्रपानाच्या रिवाजाशी व त्यावरील निर्बंधाशीच निगडित आहे. देशभर घरात असा धूर सोसणारे प्रौढ वरील दोन पाहण्यांच्या दरम्यान शेकडा ५२.३ वरून ३८.७ वर आले, आणि तेही जेथे कोणी अंमलदार दंडाची पावती फाडीत नाही अशा जागी; उलट कामाच्या बंदिस्त जागी, २ ऑक्टोबर २००८ पासून मज्जाव जारी असूनही, हे प्रमाण २९.९ वरून ३०.२, म्हणजे होते तेथेच राहिले. कचेऱ्या व कारखाने यांत या मज्जावाची अंमलबजावणी कोठे अडते, ते पुढील लेखांकात पाहू.