मुद्राक्षरे, अरुंद कोनीय

मथळे, नामफलक, भित्तिपत्रके इत्यादींसाठी मोठ्या आकारात वापरावयाच्या मुद्राक्षरांचा एक प्रकार. उंचीच्या मानाने कमी रुंदी, रेषांची जवळजवळ सारखी जाडी आणि गोलाईऐवजी काटकोनी वळणे ही त्याची लक्षणे होत. त्याचे रूप यंत्रभाग व पोलादी सांगाडे यांची आठवण करून देते. त्यामुळे विज्ञानकथा, क्रीडा व तंत्रविषयक मजकुराच्या शीर्षकांत तो विशेष आढळतो. रोमन लिपीत मॉरिस फुलर बेंटन यांनी १९३२ मध्ये तयार केलेला ‘एजन्सी गॉथिक’ हा या प्रकारचा प्रसिद्ध संच होय.

देवनागरीचे परंपरागत वळण बोरूच्या तिरप्या कापातून घडले. रेषेची जाडी दिशेनुसार पालटणारे हे वळण जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या (स्थापना १८६९) खिळ्यांनी मराठी वाचकांच्या अंगवळणी पाडले. शिरोरेघ व दंड मुळातच सरळ असल्याने कोनीय आराखड्यात सहज सामावतात. गाठी, गोलाई आणि शिरोरेघेवरील चिन्हे मात्र अडचणीची ठरतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले या गावाच्या नावावरून हे स्पष्ट होते. या तीन अक्षरांत पहिल्यावर अनुस्वार असून अखेरच्यावर रफार व मात्रा एकत्र येतात. अक्षर अरुंद केले, की ही दोन चिन्हे परस्परांस भिडतात. ती उंच केल्यास ओळींतील अंतर वाढवावे लागते. लहान केल्यास ती दुरून दिसत नाहीत. दंडयुक्त ‘ल’ चौकटीत सुलभतेने बसतो. परंतु महाराष्ट्र शासनाच्या २००९ मधील वर्णमालाविषयक निर्णयात स्वीकारलेला पाकळीयुक्त ‘ल’ गोलाईवरच उभा आहे. ‘ध’ व ‘भ’ यांच्या गाठी आणि तुटक शिरोरेघ लोपल्यास ‘धर’चे ‘घर’ व ‘भात’चे ‘मात’ होते.

रुंद अक्षरे संगणकावर केवळ आडवी दाबून हा प्रकार साधत नाही. त्यामुळे उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच जाड राहून बोजड दिसते. म्हणून प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटावे लागते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यासारख्या अक्षरचित्रकाराने रेखाटलेले नाटकाचे शीर्षक त्या एकाच शब्दापुरते असते. मुद्राक्षरसंच मात्र कोणत्याही शब्दात टिकावा लागतो. अहमदाबाद येथील इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘राजधानी’, ‘तेको’ व ‘खंड’ हे देवनागरी व रोमन अक्षरांचे अरुंद संच मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. प्रत्येकात रेषेच्या जाडीच्या पाच श्रेणी असून ‘राजधानी’त चौकोनी वळण विशेष जाणवते.

सलग मजकुरासाठी हा प्रकार योग्य नाही. लहान आकारात अक्षरांतील मोकळी जागा बुजून डोळ्यांवर ताण पडतो. दोन-चार शब्दांच्या शीर्षकात मात्र तो परिणामकारक ठरतो. संच निवडताना सुटी अक्षरे पाहून भागत नाही. रफार, अनुस्वार, जोडाक्षरे व सारखी दिसणारी अक्षरे असलेले शब्द दुरून वाचून पाहणे आवश्यक असते.