सलूनमधील रील ही जाहिरातच. केशरचनाकारांनी काय दाखवावे, काय सांगावे?

मुंबई : केशकर्तनालयाची ख्याती पूर्वी एका ग्राहकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात असे. आता ती मोबाइलच्या पडद्यावरून पसरते. लग्नसराईच्या तोंडावर केशरचनाकार निवडणारी वधू दुकानाची पाटी पाहण्याआधी त्याचे इन्स्टाग्राम खाते पाहते. त्यामुळे महानगरातील मोठे सलून असो वा तालुक्याच्या गावातील दोन खुर्च्यांचे दुकान, छायाचित्रे आणि लघुचित्रफिती तयार करणे हा आता व्यवसायाचाच भाग झाला आहे. तथापि, अशी प्रत्येक चित्रफीत कायद्याच्या दृष्टीने जाहिरात ठरू शकते आणि तिच्यात दिसणारा चेहरा ग्राहकाचा असतो, या दोन बाबी अनेकदा दुर्लक्षित राहतात.

लघुचित्रफितींचे युग

केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्यानंतर जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स, तर सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुविधा आणली. केशरचनेचे काम या माध्यमाला विशेष मानवणारे आहे. दोन-तीन तासांच्या परिश्रमांचे फलित काही सेकंदांत दाखवता येते आणि ते समजण्यासाठी भाषेची गरज भासत नाही. त्यामुळे सुरतमधील कारागिराची कात्री चेन्नईतील प्रेक्षकालाही खिळवून ठेवू शकते.

मात्र, प्रेक्षक आणि ग्राहक एकच नव्हेत. पाहणाऱ्याने किती वेळ पाहिले, किती जणांनी पसंती दिली आणि किती जणांनी ती इतरांना पाठवली, हे चित्रफितीच्या प्रसाराचे महत्त्वाचे निकष असल्याचे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. हे निकष प्रसार ठरवतात; सलूनची खुर्ची मात्र जवळपास राहणारा माणूसच भरतो. म्हणून चित्रफितीसोबत शहर व परिसराचे नाव, सेवेचा प्रकार, लागणारा वेळ आणि दराचा अंदाज स्थानिक भाषेत देणे अधिक फलदायी ठरते. लाखो अनोळखी प्रेक्षकांपेक्षा परिसरातील शंभर प्रेक्षक अशा व्यवसायाला मोलाचे असतात.

‘आधी’ आणि ‘नंतर’

केशरचनेच्या आशयात सर्वाधिक लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना. फसवणुकीची शक्यताही येथेच अधिक असते. आधीचे छायाचित्र मंद प्रकाशात आणि नंतरचे प्रखर दिव्याखाली घेतल्यास केसांची चमक आपोआप वाढलेली दिसते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रभावकांसाठी प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात, उत्पादनाचा परिणाम फुगवून दाखवणारे फिल्टर वापरू नयेत, असे म्हटले होते. त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत केसांच्या चमकीचा स्पष्ट उल्लेख होता.

दोन्ही छायाचित्रे एकाच जागी, एकाच प्रकाशात आणि त्याच कोनातून घेणे हा यावरील साधा उपाय आहे. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड त्यासाठी पुरेसा ठरतो. समोरून, बाजूने आणि मागून, अशा तिन्ही बाजू दाखवल्यास कापणीची खरी प्रत कळते. काळ्याभोर केसांवर फिकट छटा आणण्यासाठी एकापेक्षा अधिक बैठका लागल्या असतील, तर तेही सांगणे आवश्यक आहे. अन्यथा पुढचा ग्राहक एका बैठकीत तोच परिणाम मागतो आणि वाद उद्भवतो.

सुरक्षिततेची माहितीही उत्तम आशय ठरू शकते. केसांच्या अनेक रंगांमध्ये पॅराफिनिलीनडायअमीन हा घटक असतो आणि काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. रंग लावण्यापूर्वी त्वचेच्या छोट्या भागावर तो लावून ४८ तास निरीक्षण करण्याची पद्धत चित्रफितीतून दाखवल्यास ग्राहकाचा विश्वास वाढतो.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेटवरून केलेल्या दृक्‌श्राव्य प्रसिद्धीचाही समावेश आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५० लाख रुपयांपर्यंत दंड आकारू शकते. हा दंड उत्पादकाप्रमाणेच उत्पादनाची भलावण करणाऱ्यालाही लागू होतो.

ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, कंपनीशी असलेला आर्थिक वा अन्य हितसंबंध प्रेक्षकांना सांगणे बंधनकारक आहे. त्यात केवळ रोख मानधन येत नाही. मोफत मिळालेला शाम्पू, सवलत, भेटवस्तू, प्रवासखर्च, तसेच नोकरीचे वा कौटुंबिक नातेही येते. हा खुलासा चित्रफितीच्या भाषेतच, सोप्या शब्दांत आणि सहज नजरेस पडेल असा हवा. हॅशटॅगच्या गर्दीत तो दडवता येत नाही. चित्रफितीत तो दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. जाहिरात मानक परिषदेच्या जून २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, १५ सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत ही सूचना किमान ३ सेकंद आणि त्याहून मोठ्या, २ मिनिटांपर्यंतच्या चित्रफितीत एक तृतीयांश वेळ दिसली पाहिजे.

भेट मिळालेल्या वस्तूंचा संबंध प्राप्तिकराशीही येतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या अशा लाभांचे मूल्य वर्षभरात २० हजार रुपयांहून अधिक झाल्यास देणाऱ्याने १० टक्के कर उगमस्थानी कापणे अपेक्षित आहे.

केस पुन्हा उगवण्याच्या दाव्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कल आणि नव्या केसांची वाढ यांचा समावेश आहे. या बाबतीत गुण येण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांनाही खोटा वा दिशाभूल करणारा दावा करण्याची मुभा नाही. दुकानात विकल्या जाणाऱ्या तेलाची बाटली हाती धरून असे आश्वासन देणारी रील म्हणूनच अडचणीत आणू शकते.

ग्राहकाची संमती

खुर्चीत बसलेली व्यक्ती केस कापून घेण्यासाठी आलेली असते, चित्रीकरणासाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे कायदा सांगतो. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे.

चित्रीकरण सुरू झाल्यावर, चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला ग्राहक संकोचापोटी होकार देतो. म्हणून विचारणा आधीच व्हावी, नकाराचा सेवेवर वा दरावर परिणाम होऊ नये आणि चेहरा न दाखवता केवळ मागील बाजू चित्रित करण्याचा पर्यायही द्यावा. केस विरळ होणे किंवा आजारपणामुळे गळणे यांसारख्या प्रसंगी हे भान अधिकच आवश्यक ठरते. आरशात दिसणाऱ्या शेजारच्या ग्राहकाचीही परवानगी नसते, हे विसरता कामा नये.

संगीताचा प्रश्न

लोकप्रिय गाण्यावर रील बनवण्यापूर्वी खात्याचा प्रकार तपासावा. इन्स्टाग्रामवरील परवानाकृत गाण्यांचा संपूर्ण संग्रह व्यावसायिक खात्यांना उपलब्ध नसतो. त्यांच्यासाठी मेटाचा स्वतंत्र ध्वनिसंग्रह आहे. यूट्यूबचाही मोफत ध्वनिसंग्रह आहे. हक्कधारकाने आक्षेप घेतल्यास चित्रफितीचा आवाज बंद होऊ शकतो किंवा ती हटवली जाऊ शकते. कात्रीचा, ड्रायरचा आणि कारागिराच्या स्वतःच्या निवेदनाचा आवाज मात्र या कटकटीपासून मुक्त असतो.

या साऱ्यासाठी लहान दुकानदाराला वेगळा कर्मचारी नेमण्याची गरज नाही. ग्राहकाच्या भाषेतील चार ओळींचे संमतिपत्र, चित्रीकरणासाठी प्रकाशाची एक ठरावीक जागा, कंपन्यांकडून मिळालेल्या वस्तूंची नोंदवही आणि मागणी होताच चित्रफीत हटवण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.