मोटारीतील मूळ स्टीरिओ बदलणे: डॅशबोर्ड कुठे तुटतो आणि का

स्टीरिओ बदलणे हे तसे चार स्क्रू आणि एक-दोन कपलर यांचे काम. तरीही हे काम घरी किंवा दुकानात करून घेतलेल्या अनेक गाड्यांत स्टीरिओच्या कडेला खोचलेली खूण दिसते, पॅनलचा एक कोपरा वर आलेला असतो आणि खराब रस्त्यावर डॅशबोर्ड करकरतो. प्लॅस्टिक हलके होते, असे सांगून दोष गाडीवर ढकलला जातो. प्लॅस्टिक बहुतेक वेळा ठीकच असते. चुकलेली असते ती बलाची दिशा. स्थितिशास्त्र आणि पदार्थांचे बल हे विषय तुम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकला असाल. या पाठासाठी तेवढे पुरेसे आहे.

प्रथम मापे. स्टीरिओच्या दर्शनी भागाची जागा आयएसओ ७७३६ या मानकाने ठरते: रुंदी सुमारे १८० मिमी, उंची सुमारे ५० मिमी. याला सिंगल डिन म्हणतात. उंची दुप्पट म्हणजे १०० मिमी असेल, तर डबल डिन. टोयोटाच्या अनेक गाड्यांत रुंदी २०० मिमी असते, म्हणून १८० मिमीचा स्टीरिओ बसवल्यावर दोन्ही बाजूंना फट राहते. फट असो वा अडचण, उपाय एकच: त्या मॉडेलसाठी मिळणारी फ्रेम विकत घ्यावी. डॅशबोर्ड कानशीने घासून जागा करू नये. ज्या गाडीत पडदा आणि एसीची बटणे एकाच पॅनलमध्ये गुंफलेली आहेत, तिथे मूळ स्टीरिओ तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

गाडीच्या पुस्तिकेत स्टीरिओचा सुरक्षा कोड दिला असेल तर तो आधी लिहून ठेवा. नंतर इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. निगेटिव्हच का? गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सोडवताना लागला तर काही होत नाही. यानंतर लगेच हात घालू नका. एअरबॅगच्या नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये काही काळ ऊर्जा साठून राहते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका, टेस्टरही लावू नका.

आता पॅनल. स्टीरिओभोवतीच्या पॅनलच्या मागे प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात आणि त्यांवर स्टीलच्या छोट्या स्प्रिंग क्लिपा असतात. खुंटी डॅशबोर्डच्या चौकोनी भोकात सरळ शिरते आणि सरळच बाहेर येते. आपण मात्र स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटतो. ही तरफ झाली, आणि तिचा टेकू म्हणजे डॅशबोर्डच. समजा टोकापासून टेकूपर्यंत १० मिमी आणि टेकूपासून हातापर्यंत १५० मिमी अंतर आहे. हाताने फक्त २० न्यूटन बल लावले, तर टोकाशी ३०० न्यूटन आणि टेकूवर ३२० न्यूटन बल येते. स्क्रू ड्रायव्हरचे पाते ६ मिमी रुंद आणि स्पर्शाची पट्टी १ मिमी धरली, तर क्षेत्रफळ ६ चौरस मिमी आणि प्रतिबल सुमारे ५३ मेगापास्कल. एबीएस प्लॅस्टिक सुमारे ४० मेगापास्कलला कायमचे दबते. डॅशबोर्डवरची ती खूण अशी पडते, आणि ती पुसून जात नाही.

हेच काम २५ मिमी रुंद नायलॉनच्या पट्टीने केले आणि स्पर्शाची पट्टी २ मिमी धरली, तर प्रतिबल ६.४ मेगापास्कलवर येते. बल तेवढेच, खूण नाही. टेकूच्या जागी मास्किंग टेपचे दोन थर दिले तर ओरखडाही टळतो.

पण खूण हा लहान दोष. मोठा दोष मागे, न दिसणाऱ्या जागी होतो. पॅनलची एक बाजू सुटली की उत्साहाने ती दारासारखी उघडली जाते. दुसऱ्या बाजूच्या खुंट्या अजून भोकात अडकलेल्या असतात. त्या सरळ बाहेर न येता वाकतात. काही पॅनलांत स्टीलच्या क्लिपेऐवजी प्लॅस्टिकची आकडेवजा जीभ असते. ती म्हणजे एक कँटिलिव्हर तुळई. तिच्या मुळाशी येणारी विकृती अशी काढता येते:

विकृती = (३ × जाडी × विक्षेप) ÷ (२ × लांबीचा वर्ग)

जाडी २ मिमी, लांबी १२ मिमी आणि आकडा सुटण्यासाठी लागणारा विक्षेप १.५ मिमी घ्या. विकृती सुमारे ३.१ टक्के येते. तुम्ही जीभ ३ मिमी वाकवलीत, तर ती ६ टक्क्यांवर जाते. त्यात मुळाशी कोपरा धारदार असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. लांबीचा वर्ग छेदात आहे हेही पाहा: आखूड जीभ लांब जिभेपेक्षा कितीतरी लवकर तुटते. म्हणून प्रत्येक क्लिपेजवळ पट्टी लावून पॅनल तीन-चार मिमी पुढे आणा, मग पुढच्या क्लिपेकडे जा. पॅनल सगळीकडून सारखे पुढे आल्यावर दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढा.

थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होते. लेह किंवा शिमल्याच्या जानेवारीत हे काम सकाळी सातला करू नका. गाडी उन्हात उभी करा किंवा बॅटरी काढण्यापूर्वी हीटर चालवून आतली हवा उबदार करून घ्या.

पॅनल सरळ ओढूनही एका जागी हटत नसेल, तर तिथे जोर वाढवायचा नाही. तिथे स्क्रू आहे. तो ॲश ट्रेच्या मागे, वस्तू ठेवण्याच्या खणातील रबरी मॅटखाली किंवा एखाद्या झाकणामागे दडलेला असतो. माझ्या जुन्या गाडीत असा एक स्क्रू राहिला होता आणि मी तो जोराने शोधला. तुटलेला कान आजही एपॉक्सीने चिकटवलेला आहे. काही युरोपीय गाड्यांत याउलट असते: पॅनल काढावेच लागत नाही. स्टीरिओच्या दर्शनी भागावर चार बारीक भोके असतात, त्यांत यू आकाराच्या दोन सळ्या घातल्या की बाजूचे अडसर आत दबतात आणि स्टीरिओ सरकत बाहेर येतो.

मागचे कपलर वायरीला धरून ओढू नका. खटका दाबून कपलरच धरा. मूळ वायरी कापू नका. त्या गाडीसाठीचा अडॅप्टर हार्नेस घ्या. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात बंद गाडीच्या उष्णतेने सैल पडतो, टेपचा गोंद वितळतो आणि उघडी तार धातूच्या पट्टीला टेकते. बाजारातील बहुतेक स्टीरिओंत पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल इग्निशनची आणि काळी अर्थची. पिवळी आणि लाल दोन्ही कायमच्या पुरवठ्यावर जोडल्या तर स्टीरिओ कधीच पूर्ण बंद होत नाही. अर्धा अँपिअर धारा धरली तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या सुट्टीत संपेल. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडू नका. स्टीरिओतील ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो आणि स्पीकरच्या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मे व्होल्टेज असते; बॉडीला लावले की तो बिघडू शकतो.

पॅनल बसवण्यापूर्वी, स्टीरिओ बाहेर लटकता ठेवूनच तपासणी करा. इग्निशन लावण्याआधी पॅनलमधील हॅझर्ड स्विच आणि एअरबॅगच्या दिव्याचे कपलर तात्पुरते जोडा, नाहीतर इशारादिवा पेटून राहू शकतो. चारही स्पीकर, रेडिओ, स्टीअरिंगवरची बटणे, रिव्हर्स कॅमेरा पाहून घ्या. मग पुन्हा बॅटरी काढा आणि स्टीरिओ आत सरकवा. शेवटचा एक सेंटिमीटर अडत असेल, तर पडद्यावर दाब देऊ नका. मागे वायरींचा गुंता स्टीरिओ आणि आतल्या पट्टीच्या मध्ये अडकला आहे. स्टीरिओ बाहेर काढून वायरी खालच्या मोकळ्या जागेत वळवा, मग तो हाताच्या हलक्या दाबाने बसतो. पॅनल लावताना प्रत्येक क्लिप आपल्या भोकासमोर आहे ना हे पाहा आणि क्लिपेच्या बरोबर वरच तळहाताने दाबा. प्रत्येकीचा खट् असा आवाज वेगळा मोजता येतो.